सारवलेल्या खळ्यातली पावलं

रविकांतला आयुष्यात दोनच गोष्टी जमल्या नाहीत, असं पार्वती चारचौघांत सांगायची: पोहणं आणि गप्प बसणं. गेल्या डिसेंबरात त्यात नाचण्याची भर पडली.

त्यांची एकुलती लेक प्रियांका गोव्यातल्या एका ख्रिस्ती घरात सून म्हणून जायची होती. त्या घरच्या रीतीनं रिसेप्शनला नवरानवरीच्या मागोमाग दोन्हीकडच्या आईबापांनी वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठेक्यांचा जोडीनाच, करायचा होता. "बाबा, तुम्हाला संकोच वाटत असेल तर राहू दे," असं ती फोनवर म्हणाली आणि ते 'राहू दे' रविकांतच्या जिव्हारी लागलं. चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढून, अर्धा जिल्हा टेपेखाली घालून तो निवृत्त झाला होता. त्याला एक-दोन-तीन मोजता येऊ नये? पण खरी धास्ती वेगळी होती. आपण तिथे अडखळलो तर सासरच्या माणसांसमोर पोरीला मान खाली घालावी लागेल, ही.

मालवणात दर रविवारी अक्षया नावाची मुलगी नाच शिकवायची, तिच्या वर्गात त्यानं दोघांची नावं घातली. पहिल्याच धड्याला रविकांतच्या रबरी सँडलनी फरशी घट्ट धरून ठेवली, गुडघा पिळला आणि तो सगळ्या वजनानिशी पार्वतीच्या अंगठ्यावर आला.

"काका, दोष तुमचा नाही, सँडलचा आहे," अक्षया म्हणाली. "नाचाचे खास बूट महाग असतात, सुरुवातीला त्यांची गरजही नसते. साधे, हलके चामड्याचे बूट घ्या आणि तळाला मऊ कातडं, खरबरीत बाजू खाली करून, चिकटवून घ्या. पाय घसरता कामा नये, पण फिरला पाहिजे."

बाजारातल्या एका अरुंद गल्लीत दाजीचं चपलांचं दुकान होतं. पिकल्या मिशांचा दाजी एकेक बूट हातात घ्यायचा, वाकवायचा आणि बाजूला टाकायचा.

"हंयसर वाकूक होयो," चवड्याची जागा दाखवत तो म्हणाला. "मधीच वाकलो तर तो बूट कागदाचो." मग पार्वतीच्या टाचेखाली दोन बोटं आडवी धरली. "ह्याच्यापेक्षा उंच नको. आणि पट्टो होयो, नायतर गिरकी घेतल्यार चप्पल खंय आणि बाई खंय."

शेवटी त्यानं माळ्यावरून दोन जोड काढले, एक काळा, एक तपकिरी. जुना माल म्हणून निम्म्या किमतीत. पार्वतीनं जन्मात पट्ट्याचे बूट घातले नव्हते. ती गल्ल्यापासून दारापर्यंत सहा खेपा घालून आली आणि दरवेळी वळताना स्वतःशीच हसली. तिला इतकी हसताना रविकांतनं बऱ्याच दिवसांनी पाहिलं. त्याला ती फार आवडली, आणि जोड तिथेच पक्के झाले.

दाजीनं तळाला राखाडी कातडं चिकटवून दिलं. "ह्ये घरातच घालूचे," तो म्हणाला. "मातयेर पाय ठेवचो नाय."

"कातडा खराब होता?" रविकांतनं विचारलं.

दाजीनं पिशवीला गाठ मारली आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी आल्यावर पार्वतीनं पदर खोचला. "घरातच घालूचे? देवांच्या समोरसून व्हाणा घालून फिरतलात तुमी?" तिचं म्हणणं बिनतोड होतं. त्यांच्या घरात कलेक्टर आला असता तरी त्याचे बूट पायरीशीच राहिले असते. उरलं घरापुढचं खळं, पावसाळ्यानंतर चोपून शेणानं सारवलेलं अंगण. रविकांतनं विचार केला, सारवलेली जमीन काही माती नव्हे, ती एक प्रकारची फरशीच.

मग रोज संध्याकाळी तुळशीभोवती एक-दोन-तीन सुरू झालं. शेजारची यशोदा दोन घरांमधल्या दगडी गडग्यावर हनुवटी टेकून बघत राहायची.

"गो पारू, ह्या वयात?"

"ह्या वयात नाय तर मगे कधी?" पार्वती गिरकी घेता घेता म्हणायची.

पार्वती दर शनिवारी उजाडताना खळं सारवायची. सारवण वाळेपर्यंत त्यावर कोणी पाय ठेवायचा नाही, कोंबडीसुद्धा हाकलायची. पहिल्या शनिवारी दोघं ओटीवर चहा घेत बसली होती. बशी ओठाला लावताना रविकांतची नजर खाली गेली.

ओल्या खळ्यात पावलं उमटली होती. बुटांची, दोन जोड, एक मोठा, एक लहान.

बूट ओटीवरच्या खुंटीला होते, तळ खडखडीत कोरडे. खळ्यात येणारं किंवा खळ्यातून जाणारं एकही पाऊल नव्हतं. रविकांतनं टेप काढली, जुनी सवय. मोठं पाऊल साडेदहा इंच, त्याच्या बुटाएवढं. लहान पावलाच्या टाचेचा चौकोन पार्वतीच्या टाचेशी बरोबर जुळला. आणि कोपऱ्यात पावलांनी एक वळण घेतलं होतं, जे त्यांना अजून कुणी शिकवलं नव्हतं.

"कोणाची तरी मस्करी आसतली," तो म्हणाला.

"मस्करी करणाऱ्याक नाच बरो येता," पार्वती म्हणाली आणि कप विसळायला गेली.

दुसऱ्या दिवशी अक्षयानं नेमकं तेच वळण शिकवलं. रविकांतला ते पहिल्या फटक्यात जमलं, कारण त्यानं ते आदल्या दिवशी मोजून ठेवलं होतं. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

दर शनिवारी तसंच होत गेलं. खळ्यात आधी पावलं उमटत, मग ती त्यांच्या पायांत येत. रविकांत एकदा दाजीकडे जाऊन आला. दाजीनं सगळं ऐकलं, हातातला टाका पुरा केला आणि एवढंच विचारलं, "मातयेर घातल्यात?" रविकांतनं होकारार्थी मान हलवली. दाजीनं पुढचा जोड हातात घेतला. रविकांतनंही जास्त खोदलं नाही. नाच जमत होता, पार्वती स्वयंपाक करताना चाल गुणगुणत होती आणि प्रियांकाचं लग्न आठवड्यावर आलं होतं.

लग्नाआधीच्या शनिवारी खळ्यात अख्खा नाच होता. सोळाव्या ठेक्याला लहान टाच वीतभर घसरली होती. तिथेच मोठं पाऊल पुढे सरून घट्ट रुतलं होतं.

गोव्यात हॉल माणसांनी भरला होता. व्हायोलिन सुरू झालं आणि रविकांतनं पार्वतीच्या पाठीवर हात ठेवला. चौदा, पंधरा. फरशीवर कुणाच्या तरी गजऱ्यातली ओली फुलं पडली होती. पार्वतीची टाच त्यांवर गेली, पण त्याचा पाय आधीच पुढे होता आणि हात कमरेला घट्ट. बघणाऱ्यांना वाटलं ती एक झोकदार गिरकीच होती. व्याही शिट्टी मारते झाले. प्रियांका धावत येऊन दोघांच्या गळ्यात पडली, रडली, हसली, आणि तिच्या सासूनं पार्वतीला विचारलं, एवढे सुंदर बूट घेतले कुठे. त्या संध्याकाळी आपण जिल्ह्यातला सर्वांत सुखी माणूस आहोत, याबद्दल रविकांतला काडीची शंका नव्हती.

पुढच्या शनिवारी पार्वती खळं सारवून आंघोळीला गेली. रविकांत चहाचा कप घेऊन ओटीवर आला.

पावलं होती. फक्त लहान.

तो पायरीवर बसून बघत राहिला. एक-दोन-तीन, तुळशीला वळसा, कोपऱ्यातलं वळण. एकही पाऊल चुकलं नव्हतं. प्रत्येक पावलासमोर एक रिकामी जागा सोडलेली होती. त्यानं टेप लावली. साडेदहा इंच, त्याच्या बुटाएवढी. म्हणजे पुढे कधीतरी ती एकटीच नाचणार होती.

मग त्याच्या ध्यानात आलं, दोन पावलांमधलं अंतर कमी होतं. नेहमीपेक्षा दोन इंचांनी. त्याच्या जिवाला एकदम बरं वाटलं. आखूड पावलं म्हणजे म्हातारी पार्वती. दोन इंच म्हणजे वीस वर्षं असतील, पंचवीसही असतील. आणि इतक्या वर्षांनीसुद्धा ती नाचत होती, ह्याचा त्याला अभिमान वाटला.

त्यानं जन्मात पहिल्यांदा शेणाच्या बादलीत हात घातला आणि सगळं खळं सारवून काढलं. हात धुऊन दोघांचे बूट खुंटीवरून उतरवले.

"चल गो, नाचूया," पार्वती केस पुसत बाहेर आली तेव्हा तो म्हणाला.

"आता? सारवण ओला आसा."

"आसांदे."

ती हसली. पायरीवर बसून तिनं पट्टे बांधले. चाल लावायचं दोघंही विसरले, तोच तोंडानं एक-दोन-तीन म्हणत राहिला. तुळशीला वळसा पडला, उन्हं गडग्यावर आली, आणि तिसऱ्या फेरीला त्याचा पाय तिच्या पायाच्या किंचित पुढे पडला. पुन्हा तसंच झालं.

"पावला बारीक टाकतस?" त्यानं विचारलं.

"गोव्याक गेलंव तेव्हापासून गुडघो धरलो हा," पार्वती म्हणाली. "दोन इंच कमी पडतत, तितक्या तुमी सांभाळून घेवा."