पुलाखालून चार बोटं

“होडी थांबवा! ओ बाई, थांबवा म्हणतोय न्हवं!”

वरून कुणीतरी ओरडलं आणि मी वल्हं पाण्यात उभं घातलं. समोर पंचगंगेवरचा उचलता पूल आडवा पडलेला. एरवी होडी दिसली की साखळीचं चाक फिरवून त्याचा मधला भाग वर घ्यायचे. आज चाकच जागेवर नव्हतं. कठड्यावरून एक खाकी हाफपँटवाला तरुण ओणवला होता. कपाळावर ग्रीसचा हा एवढा पट्टा!

“पूल दुरुस्तीला काढलाय. नवं चाक उद्यमनगरच्या कारखान्यात ओतायला टाकलंय. पंधरा दिवस उचलणार न्हाय.”

“पंधरा दिवस? आम्हाला आज सूर्य मावळायच्या आत रुईला पोचायचंय!”

“मग बसनं जावा की.”

अस्सा संताप आला मला! बसनंच जायचं असतं, तर पहाटेपासून हाताला फोड कशाला आणले असते?

आमचे दादा, म्हणजे वडील, कोल्हापूरच्या नौका क्लबाचे सेक्रेटरी. क्लबाच्या होड्या दोन, आणि दोन्ही पुरुषांच्या. मी आणि माझी मैत्रीण विमला वर्षभर भांडलो, तेव्हा कुठं दादांनी शब्द दिला. मुलींनी स्वतः वल्हवत, घाटापासून रुईला आक्काताई आत्याच्या दारी होडी नेली, तर एक होडी कायमची मुलींची. नाही नेली, तर पुन्हा होडीचं नाव काढायचं नाही. वर अट अशी की होडीवर लाकडी छत हवं, पोरी लोकांच्या नजरेत नकोत. छत उतरवलं की पैज हरली. आणि पोचायचं दिवस मावळायच्या आत, कारण आमचं घर जैनांचं, सूर्य बुडाल्यावर घास नाही. आत्या ताटं मांडून वाट बघत बसणार होती.

आणि आता तेच मेलं छत पुलाला अडत होतं.

तो तरुण खाली उतरला. छताच्या टोकाशी हात धरून त्यानं माप घेतलं. “चार बोटं. नुसत्या चार बोटांनी अडतंय बघा. करवत हाय माझ्याकडं, कापून देऊ?”

“हात तर लावून बघा!”

तो हसला. पांढरेशुभ्र दात आणि वर तो काळा पट्टा… मला हसू येत होतं, पण मी येऊ दिलं नाही.

“वर्धमान उपाध्ये. ओव्हरशिअर,” तो म्हणाला. “मघाशी ओरडलो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.”

“प्रभावती. मी वाईट वाटून घेतलंय.”

विमला रडकुंडीला येऊन काठावर उतरली. ती उतरली आणि होडी जराशी वर आली. छत पुलाच्या तुळईच्या आणखी वर गेलं. मी बघतच राहिले…

“अहो ओव्हरशिअर! होडी हलकी झाली की वर येते. मग जड केली तर—?”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. कान गरम झाले माझे.

“गणपतराव!” तो काठाकडं वळून ओरडला. “आंघोळी ऱ्हाऊ द्या! समद्यांनी हिकडं या!”

तालमीतून नदीवर आलेले सात पैलवान. आखाड्यात कुणाला न भिणारे, पण होडीत बसताना दोन्ही हातांनी काठ गच्च धरून बसले. सात जण बसले तरी छत बोटभर अडतच होतं.

“आणखी एक माणूस लागेल,” मी म्हणाले.

“मीच बसतो की,” तो म्हणाला आणि नेमका माझ्यासमोर येऊन बसला.

“हात मांडीवर ठेवायचे. वल्ह्याला बोट लावायचं नाही, दादांची अट आहे. आणि कुणी शिंकायचंसुद्धा नाही!”

विमला मागं, मी पुढं. होडी हळूहळू पुलाखाली शिरली. पाणी काठाला टेकायला आलं होतं. वर छत तुळईला खरडत होतं— खर्र… खर्र… अंधारात त्याचे डोळे तेवढे माझ्याकडं लागलेले.

“भ्या वाटत न्हाय तुम्हाला?” तो हळूच म्हणाला.

“वाटतंय.”

“दिसत न्हाय.”

“दोन्ही हात वल्ह्यावर आहेत. दाखवू कुठनं?”

आणि लख्ख ऊन! होडी पलीकडं निघाली. “जोतिबाच्या नावानं चांगभलं!” पैलवानांनी अशी आरोळी ठोकली, की काठावरचे बगळे उडाले.

सगळे उतरले. तोही उतरला. “जावा आता, उशीर हुतोय,” म्हणाला, पण होडीचा काठ काही सोडेना. मला जायचं होतं… आणि अजिबात जायचं नव्हतं. शेवटी विमलानंच होडी ढकलली.

त्यानंतर आम्ही जे हाणलं! खांदे भरून आले, पण थांबलो नाही. रुईचा घाट दिसला तेव्हा सूर्य उसाच्या शेंड्यांवर होता. घाटावर दादा घड्याळ घेऊन उभे. शेजारी सायकल आणि सायकलीशी… ग्रीसचा पट्टा.

“होडीत आठ पुरुष होते म्हणे,” दादा म्हणाले. “हे स्वतः सांगायला आलेत.”

गद्दार कुठला!

“व्हते,” वर्धमान म्हणाला. “पर वल्ह्याला कुणी शिवलं न्हाय. उद्या कोण भलतंच तुमच्या कानावर घालंल, म्हणून आधीच आलो. होडी काढायचं डोकं ह्यांचं आणि वल्हवणं ह्या दोघींचं.”

दादांनी छताकडं पाहिलं. मग मला म्हणाले, “हात दाखव.” मी दाखवले. फुटलेले फोड त्यांनी एकेक करून पाहिले.

“होडी तुमची,” ते म्हणाले. विमला आनंदानं किंचाळली आणि मी दादांना मिठीच मारली.

“आधी जेवा, दिवस बुडतोय!” आत्या ओरडली. “पावणं, तुम्ही?”

वर्धमाननं पश्चिमेकडं पाहिलं आणि घाईघाईनं हात धुतले. आत्यानं ओळखलं की हा आपल्यातलाच. ती गालात हसली आणि त्याचं ताट माझ्यासमोर मांडलं.

“एक इचारायचं व्हतं…” तो पानाकडं बघत पुटपुटला. “घरी मागणी घालायला माणसं धाडू? पर तुमचं मन…”

“पूल कधी उचलणार?” मी विचारलं.

“संक्रांतीच्या आत.”

“त्या दिवशी मी होडी घेऊन येते. तुम्ही वल्ह्यावर बसायचं. वल्हवता येतं?”

“न्हाय.”

“मी शिकवीन. सगळा जन्म पडलाय.”

तो गोंधळला. “अवो, पर लग्नाचं काय?”

“तेच तर सांगतेय की!”