दिनविशेषातली बाई

दैनिकाच्या कचेरीचा जिना अरुंद. ती उतरत होती, तो चढत होता. दोघेही एकाच बाजूला सरकले, मग दुसऱ्या... आणि हसले.

"दिनविशेष कोण लिहितं हो इथे?"

"मीच. का?"

तो शाळेत इतिहास शिकवायचा. मंगळवारच्या दिनविशेषात, त्या तारखेच्या घटना आणि जन्म-मृत्यूंमध्ये, दीपगृह सांभाळणाऱ्या पहिल्या स्त्रीचा जन्म नोंदला होता.

"पोरं त्या बाईसाठी वेडी झालीत. आणखी माहिती मिळेल?"

ती बाई जन्मलीच नव्हती! रकान्यात एक ओळ कमी पडत होती, छपाई खोळंबली होती, आणि हिने दिली ठोकून.

खरं सांगायला तिने तोंड उघडलं. पण तो इतक्या भाबडेपणाने बघत होता...

"जुने संदर्भग्रंथ आहेत," ती बोलून गेली. "शोधू या?"

मग रोज शाळा सुटली की तो यायचा. शेजारी बसून दोघं पानं उलटायचे. एकदा दोघांचे हात एकाच पानावर आले. उचलायची घाई कुणीच केली नाही. तो हसला की ती सुखावायची — आणि लगेच शरमेने अर्धी व्हायची.

आठव्या दिवशी तो कौतुकाने म्हणाला, "मुलांनी तिच्यावर निबंध लिहिलेत."

आता तिला राहवेना. "सर, अशी बाई नाहीच. मी... रचली."

त्याचा चेहरा उतरला. "तुमच्या भरवशावर मी मुलांना खोटं शिकवलं. आता वर्गाला तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी अंकात तिच्या नावानिशी चूकदुरुस्ती आली, आणि ती वर्गापुढे उभी राहिली. कान तापलेले, नजर जमिनीत रुतलेली.

"मी खोटं लिहिलं. माझं चुकलं."

तो शाळेच्या फाटकापर्यंत सोबत आला.

"पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं," ती पुटपुटली. "पण मग तुम्ही पुन्हा आला नसता..."

तो थांबला. मान खाजवत म्हणाला, "ग्रंथ तीनच होते, मॅडम. एका संध्याकाळचं काम. मी आठ दिवस पुरवलं."

तिने चमकून वर पाहिलं. आता खाली बघायची पाळी त्याची होती.

"उद्या... येऊ?"

"या," ती म्हणाली. "काही शोधायचं नसलं तरी."