फोन ठेवल्यानंतरची टेप

०००

मी कारखान्यात मीटर तपासतो. काटा कुठे आहे ते बघायचं, कुठे असायला हवा ते बघायचं, फरक लिहायचा. सवयच ती. म्हणून ताईशी वाद झाला तेव्हा मी भांडलो नाही. फोनवरचं बोलणं टेप करायचं किट आणलं.

वाद असा. आई दुसऱ्या गावी एकटी राहते. मी दर रविवारी दुपारी चारला फोन करतो. आठ महिन्यांत प्रत्यक्ष गेलेलो नाही. ताईला मात्र आई सांगते, तो रोज येतो, खुर्चीत बसतो, चहा घेतो.

"भ्रम झालाय तिला," ताई म्हणाली. "एक तारखेला वृद्धाश्रमात ठेवतेय."

"माझ्याशी तर नीट बोलते."

"तू ऐकतोस तरी का?"

टेप ऐकवली की झालं, असं मला वाटलं.

०००, अजूनही

किटमध्ये एक रिले, दोन ट्रान्झिस्टर, लाल दिवा. फोन खाली असताना लाइनवर अठ्ठेचाळीस व्होल्ट असतात, उचलला की नऊच्या आसपास. व्होल्ट पडले की रिले टक् करतो, दिवा लागतो, टेपरेकॉर्डर चालू. फोन ठेवला की बंद. यात न कळण्यासारखं काहीच नाही.

तिसरा डाग देताना वितळलेलं सोल्डर डाव्या तर्जनीवर पडलं. फोड आला.

१४०

रविवार, चार. कॅसेट कोरी, नवी.

"आई, आजपासून बोलणं टेप करतोय."

"कर की. मी काय कुणाच्या चुगल्या करते?"

गळका नळ, शेजारीण, गुडघा. सगळं जागच्या जागी.

"ठेवतो," मी म्हणालो. दिवा विझला. टेपरेकॉर्डरच्या काउंटरवर १४० आकडा होता, तो वहीत लिहिला.

२०६

टेप मागे नेऊन ऐकली. नळ, शेजारीण, गुडघा. "ठेवतो." टक्.

आकडा १४० ओलांडून पुढे गेला.

खुर्ची सरकली.

"बोट कशाने भाजलं रे?" आई.

"डाग देताना." मी.

म्हणजे, माझा आवाज. बोटाचं मी आईला सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"आण इकडे. फुंकर घालते."

फुंकर ऐकू आली. मग कपबशी. मग बराच वेळ नुसतं घर. शेवटी, आकडा २०६ वर, माझा आवाज म्हणाला, "येतो गं." आईला 'जातो' म्हटलेलं चालत नाही.

मी किटचे सगळे डाग पुन्हा तपासले. बरोबर होते.

२०६, पुन्हा

ताईने शेवटपर्यंत ऐकलं.

"जातोस की तू. मग जात नाही असं का म्हणालास?"

"तो मी नाही."

"आवाज तुझा, खाकरणं तुझं. आणि ते बोट?"

मी हात मागे घेतला.

"म्हणजे आई ठणठणीत आहे. वेड मलाच लावायचं होतं तुम्हा दोघांना," ती म्हणाली. वृद्धाश्रमाला तिने तिथल्या तिथे नकार कळवला.

मला हवं तेच झालं होतं. तरी मी कॅसेट उलटून लावली.

कॅसेटची दुसरी बाजू

ताई गेल्यावर फोन लावला.

"आई, मी येतोय. दुपारच्या गाडीने."

मग रिसीव्हरवर हात ठेवून, लांबून:

"अरे, तू येतोयस म्हणे. काय सांगू?"

खुर्ची सरकली.

आई परत आली.

"नको म्हणतोस."

"कोण, आई?"

"जप हो. ठेवते."

मी फोन ठेवला. मीटर लावून लाइन मोजली. अठ्ठेचाळीस. दिवा विझलेला.

काउंटर पुढे सरकत होता.

भाजलेल्या बोटाला गार लागलं.