दार वाजलं, पण मी बाहेरच होते

ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. मी गोष्टी रचणारी बाई नाही. अंगणवाडीत मुलं सांभाळते, घरी सासूबाईंना सांभाळते, त्यातून उरला वेळ तर झोपते. खोटं रचायला वेळ लागतो आणि तो माझ्याकडे नाही.

गेल्या जानेवारीत घडलंय हे. जागा, सोनगीरजवळचा हायवे. आणि वेळ रात्रीची नाही. सकाळची.

अमावस्या नव्हती. स्मशान नव्हतं. समोर चहाची टपरी उघडत होती.

मी मृणाली. माझे मिस्टर युवराज सोनगीरच्या पलीकडच्या आमच्या गावात वायरिंगची कामं करतात. सासूबाई भागाबाई. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा धुळ्याला देवपूरच्या दवाखान्यात डायलिसिस. एकदा एसटी आलीच नाही म्हणून आमची डायलिसिसची पाळी चुकली होती. त्या रात्री आईंच्या छातीत पाणी भरलं. बसून सुद्धा श्वास येईना. मी पाठ चोळत होते आणि मनात म्हणत होते, आता गेल्या... आता गेल्या.

त्यानंतर ठरवलं, काहीही झालं तरी पाळी चुकवायची नाही.

म्हणून गाडी घेतली. जळगावच्या एका एजंटकडून. पांढरी, छोटी, जुनी. किती जुनी ते त्यालाही सांगता आलं नाही. पुढचं डावं दार उघडत नव्हतं. आतला आरसा तर नव्हताच, नुसती खूण होती.

"आरसा काय, कुठेही भेटेल," एजंट म्हणाला. "लिंबू-मिरची मात्र बांधून घ्या."

मी म्हटलं, "भाऊ, आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. लिंबू आम्ही वरणात पिळतो."

तो हसला नाही. तेव्हा मला वाटलं, माणूस खडूस आहे.

थंडी सुरू झाली आणि गाडीने रंग दाखवला. सकाळी सेल्फ मारला की नुसती खर्रखर्र. मेकॅनिकने बॅटरी बदलली, सेल्फ बदलला. तरी तेच. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, धक्का द्या. म्हाताऱ्या गाडीला लाज कसली?"

मग आमची एक पद्धत पडली. ती नीट समजून घ्या, कारण सगळं तिच्यातच आहे.

आई मागच्या सीटवर उजव्या बाजूला, शालीत गुंडाळलेल्या. मिस्टर स्टेअरिंगवर. मला गाडी येत नाही, म्हणून ढकलायला मी. ते सेकंड गियर टाकून क्लच दाबून बसायचे. मी ढकलायचे. गाडीने वेग धरला की क्लच सोडायचे. हिसका बसून इंजिन लागायचं. पण लागलं म्हणून थांबायचं नाही. थांबलं की बंद. गाडी हळूहळू चालतच राहायची, मी पळत जाऊन मागचं डावं दार उघडून आत उडी मारायची आणि दार आपटायचं.

दार वाजलं की मिस्टर समजायचे, बसली. मागे बघायचे नाहीत. गाडी सोडायचे.

तुम्ही म्हणाल, बायकोला पळवता काय? अहो, जुन्या गाडीवाल्यांच्या घरोघरी हेच चालतं. आम्हाला तर त्याचं हसू यायचं.

पहिल्यांदा वेगळं वाटलं ते डिसेंबरात.

मी दोन्ही हात डिकीवर टेकवले, जोर लावला... आणि गाडी पळाली. हलकी. इतकी हलकी की मी तोंडावर पडता पडता राहिले.

आत बसल्यावर मिस्टर म्हणाले, "काय गं, भाकरी वाढवली का?"

मी पण हसले. मनात म्हटलं, उतार असेल.

पण आमच्या अंगणाला उतार नाही.

पुढच्या पाळीला मी ढकलत होते आणि शेजारी कोणीतरी धापा टाकत होतं.

वाटलं, माझाच श्वास. म्हणून मी श्वास रोखला.

धापा चालूच होत्या... माझ्या डाव्या कानाशी. बाईच्या.

मी वळून पाहिलं. कोंबडी सुद्धा नव्हती.

नंतर पावलं ऐकू यायला लागली. चपलांची फटफट. माझ्या पायात कॅनव्हासचे बूट असायचे, त्यांचा आवाज होत नाही. इंजिन लागलं की मी पळायचे, आणि ती फटफट पण माझ्या मागोमाग पळायची. मी दार आपटलं की... बंद.

एका सकाळी गाडीवर दव होतं. डिकीच्या काचेखाली पत्र्यावर माझ्या हातांचे ठसे उमटले होते.

आणि त्यांच्या बाजूला अजून दोन.

मी ते ओढणीने पुसून टाकले. घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण सांगणार कोणाला? मिस्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी गाडी विकली असती. मग आईंचं काय? परत एसटीची वाट बघायची? परत ती रात्र?

आणि खरं सांगू... ती जी कोण होती, ती मदतच करत होती. माझ्या कमरेचा त्रास थांबला होता. मी स्वतःला समजावलं, मृणाली, ढकलणारं कोणी फुकटात भेटतंय तर ढकलू दे.

एवढा कोडगेपणा माझ्यात आहे.

मग तो दिवस आला.

त्या सकाळी गाडी अंगणात गुपचूप सुरू झाली होती. धुकं असं दाट की बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. मिस्टर काच पुसत पुसत चालवत होते. सोनगीर फाट्यापाशी समोर कुत्रं आलं, त्यांनी ब्रेक मारला आणि गाडी बंद पडली.

सेल्फ मारला. खर्रखर्र.

आईंना त्या दिवशी आधीच धाप होती. पाय सुजलेले. "युवराज, उशीर नको करू रे," एवढंच बोलल्या आणि डोळे मिटले.

मी उतरले. हायवेच्या कडेला. मागून ट्रक येत होते, आधी आवाज यायचा, मग दिवे, आणि दिसेपर्यंत निघून जायचे. मला इतकी भीती ठशांचीही वाटली नव्हती.

हात टेकवले. ढकललं.

गाडी लगेच हलकी झाली.

डावीकडे धापा. चपला. आणि आज एक नवीन... बांगड्या. पत्र्यावर बांगड्या घासत होत्या, किण किण. माझ्या हातात बांगड्या नव्हत्याच.

हिसका बसला. इंजिन लागलं.

मी पळायला पाऊल उचललं, आणि...

दार वाजलं.

धाड. नेहमीसारखं. मी आपटते तसंच.

मी जिथल्या तिथे थांबले. पाय हलेनात. गाडी पुढे गेली, वेग घेतला. डोक्यात काय आलं सांगू? आलं की, दार वाजलं म्हणजे मी आत बसले. मग ही रस्त्यावर कोण उभी आहे?

मागचा लाल दिवा धुक्यात गेला. तेव्हा भान आलं. "अहो, थांबा," म्हणून मी धावणार, एवढ्यात अंगावरून वारा गेला. ट्रक. पुढचे दिवे बंद. पाऊल टाकलं असतं तिथूनच गेला तो.

मी मातीत बसले. मोबाईल गाडीतल्या पिशवीत, मिस्टरांचा नंबर पाठ नाही. टपरीवाला धावत आला. त्याने विचारलं, "ताई, तुम्ही तर बसल्या ना आत्ता?"



दुधाचा टेम्पो धुळ्याकडे चालला होता, त्यात बसवलं त्याने. सगळा रस्ता मी आईंचा विचार करत होते. आई मागच्या सीटवर आहेत. आणि त्यांच्या शेजारी...

देवपूरला पोहोचले. दवाखान्याच्या व्हरांड्यात मिस्टर बाकड्यावर बसले होते. हातात चहा. शेजारी दुसरा कप, झाकलेला.

"कुठे गेली होतीस? चहा गार झाला तुझा," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मी आत्ता येतेय. टेम्पोने."

ते हसायला लागले. मग माझ्या कपड्यांवरची माती पाहिली, आणि थांबले.

"अगं, मी सगळ्या रस्त्याने तुझ्याशी बोलत आलो. वायरिंगचं नवीन काम, आईच्या गोळ्या, सगळं. तू हं, हं करत होतीस."

"मागे वळून पाहिलं का?"

"धुक्यात मागे कोण बघेल? आईला उतरवताना तू दिसली नाहीस, वाटलं पुढे नंबर लावायला गेलीस."

मी आत गेले. आई पलंगावर, हाताला नळ्या. सावध होत्या. श्वास ठीक होता. मला पाहून त्यांनी हात पुढे केला, माझा हात धरला आणि दचकल्या.

"आते गरम शे," त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. "गाडीमा बर्फसारखा व्हता."

"आई, गाडीत मी नव्हते."

आई घाबरल्या नाहीत. फक्त आवाज खाली आला.

"मंग ती कोण व्हती? बठ्ठा रस्ता मना हात धरीसन बठेल व्हती. दमेल व्हती बिचारी."

"सगळा रस्ता तुमचा हात धरून बसली, मग ती कुठे गेली? उतरली का?"

"नही," आई म्हणाल्या. "मी सांगं, चाल पोरी, दवाखाना उना. ती बोलनी, अक्का, तुम्ही जा. माले आतेच ते बसाले भेटनं." म्हणजे, मला आत्ताच तर बसायला मिळालं.

मी खिडकीतून खाली पाहिलं. गाडी झाडाखाली उभी होती. मागची काच आतून धुरकटली होती. फक्त डाव्या बाजूची.

त्या दिवशी मिस्टरांनी एजंटला असा काही दम दिला की त्याने आधीच्या मालकाचा नंबर दिला. पितांबर नाना, एरंडोलकडचे. भाजीचा धंदा. मिस्टरांनी फोन स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं. पलीकडून हुंदका आला. मग माणूस रडतोय असं कळलं.

त्यांची बायको सुंदरबाई. तीच धक्का द्यायची. आमच्यासारखीच पद्धत. अशीच धुक्याची सकाळ, गाडीत भाजी, बाजाराची घाई.

"दार वाजलं," नाना म्हणाले. "मी समजलो, बसली. निघालो. बोलत बोलत एरंडोलपर्यंत गेलो. पोरीच्या लग्नाचं बोलत होतो. ती हं, हं म्हणे. तिथे आरशात बघतो तर सीट रिकामी. परत फिरलो... रस्त्यावर गर्दी होती. ती गाडीमागे पळत होती म्हणे. ट्रकवाल्याला दिसली नाही. आरसा मी त्याच दिवशी उपटून फेकला."

मग त्यांनी हळूच विचारलं, "ती आता बसली ना? दमली असेल हो. बसू द्या तिला."

माझे डोळे भरून आले. खरंच भरून आले. मी म्हटलं, "बसली नाना. काळजी नका करू."

फोन ठेवणारच होतो. आणि माझ्या डोक्यात ते आलं. न येतं तर बरं झालं असतं.

"नाना," मी विचारलं, "सुंदरबाई तर रस्त्यावर राहिल्या होत्या. मग एरंडोलपर्यंत हं कोण म्हणत होतं?"



"गाडी मी पण जुनीच घेतली होती, ताई," नाना म्हणाले, आणि फोन कट झाला.

त्यानंतर त्यांनी आमचा फोन उचललेला नाही.

मी खूप विचार करते. नानांच्या वेळी आतली जागा कोणीतरी घेतली, आणि सुंदरबाई बाहेर राहिली. आमच्या वेळी सुंदरबाईने जागा घेतली, आणि बाहेर मी राहिले. माझे पाय हलले नाहीत, म्हणून मी आज हे लिहितेय. पण तो हिशोब मिटला की नाही, हे मला कोण सांगणार?

गाडी विकली नाही. सगळे विचारतात, विका ना. कोणाला विकू? घेणारा पण आमच्यासारखाच असेल, आणि त्याच्या घरी पण ढकलायला कोणीतरी असेलच. भंगारात घालावी तर आईंची पाळी आहे. त्या दिवसापासून आईंची एकही पाळी चुकलेली नाही, पायाची सूज पण उतरली. मागच्या सीटवर त्या एकट्याच बसतात आणि अहिराणीत हळू हळू काहीतरी बोलत असतात. मी पुढे बसते, ते दार दुरुस्त करून घेतलं. मी मागे बघत नाही.

धक्का तेव्हापासून लागलेला नाही. सेल्फ एका फटक्यात लागायचा.

परवापर्यंत.

परवा सकाळी थंडी परत पडली. आई मागे बसल्या होत्या, मी पुढे. मिस्टरांनी चावी फिरवली... खर्रखर्र. त्यांनी हात तसाच ठेवला. थोड्या वेळाने परत फिरवली, तेव्हा इंजिन लागलं. त्या मधल्या वेळात आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, आणि ढकलायला उतरायचं म्हणून दाराच्या कडीला कोणीच हात लावला नाही.