उबिनच्या हॉस्टेलला कुणी नावं ठेवली?

सुलभाताईंनी आधी दोघांच्या ताटात गरम थालीपीठ वाढलं आणि मगच डोळ्यांना पदर लावला.

समोर बसलेली वल्लरी खासगी तपासाची कामं घेई आणि मोजकं बोले. शेजारचा प्रबोध तिचा मावसभाऊ, सिंगापुरात रॅफल्स प्लेसच्या बँकेतला. शनिवारी तो मदतीला म्हणून तिच्याबरोबर निघे आणि बहुतेक वेळा जेवायच्याच कामी येई.

सिंगापूरच्याच उबिन बेटावर, नारळींच्या आडोशाला, सुलभाताई आणि शामकांतराव छोटंसं हॉस्टेल चालवत. शामकांतराव जहाजावरचे निवृत्त इंजिनियर. बेटावर वीज जनरेटरची, ती बाजू त्यांची. चूल आणि पाहुणे सुलभाताईंचे. गेल्या महिन्यापासून इंटरनेटवर कुणी निनावी वाईट शेरे टाकत होतं आणि पाहुणे आटले होते.

"बंद पडलं तर मी सोसेन गं, पण हे खचतील," सुलभाताई म्हणाल्या. "कोण हात धुऊन मागे लागलंय, तेवढं शोध."

प्रबोधने घास गिळत शेरे वाचून दाखवले. खाटा कुरकुरतात. डास फोडून काढतात. जनरेटरच्या इंजिनाचा एक सिलिंडर मधूनच ठोका चुकतो, झोप लागत नाही. बस, एवढंच.

वल्लरीने संशय घेण्याजोग्या सगळ्यांना दुपारी जेवायलाच बोलावलं.

पहिले आले कोह अंकल. सायकली भाड्याने द्यायचे आणि स्वतःच्या दोन खोल्याही. प्रबोधला गुन्हेगार तिथेच सापडला! पण अंकल हसले. इथे जागा नसली की सुलभाताईच पाहुणे त्यांच्याकडे धाडत. हल्ली त्यांच्याही खोल्या ओस होत्या.

मग लेक तन्वी आली, जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत इंजिनियर. आईबाबांनी हे सगळं सोडून आपल्या फ्लॅटवर यावं म्हणून ती वर्षभर भांडत होती आणि तिने ते लपवलंही नाही. शामकांतरावांना विचारलं तर म्हणाले, लोक लिहितात, आपण मनावर घेऊ नये.

काळजीने सुलभाताईंच्या हातून आमटीत दुप्पट मीठ पडलं होतं. कोह अंकलनी वाटी हळूच सरकवली. तन्वी सिंगापुरी ढंगात म्हणाली, "आई, टू सॉल्टी लाह!" शामकांतरावांनी मात्र खाली मान घालून वाटी संपवली आणि वर आणखी मागून घेतली.

"तन्वीच," प्रबोध कुजबुजला.

हात धुऊन सगळे ओसरीवर बसले, तेव्हा वल्लरीने तोंड उघडलं.

"पाहुण्याला जनरेटरचा नुसता आवाज ऐकू येतो. सिलिंडर चुकतोय हे इंजिनियरच्याच कानाला कळतं. म्हणजे कोह अंकल सुटले, राहिले दोघं. पण ज्याला हॉस्टेल बुडवायचंय, तो आधी जेवणावर घसरेल. इथे खाटा आल्या, डास आले, जेवणाबद्दल चकार शब्द नाही. तन्वी तर आईच्या तोंडावर नावं ठेवते. बायकोच्या हातच्या अन्नाला खोट्यानेही नाव ठेवणं ज्याला जमलं नाही, असा माणूस इथे एकच आहे. काका, का केलंत?"

शामकांतरावांनी विहिरीकडे बोट दाखवलं.

"ही विहिरीपाशी चक्कर येऊन पडली," ते म्हणाले. "मला सांगितलं, पाय घसरला. मी खिडकीतून बघत होतो. थांब म्हटलं असतं तर हिचं मन मोडलं असतं. हॉस्टेल म्हणजे हिचा जीव की प्राण. वाटलं, पाहुणेच आले नाहीत तर आपोआप विसावेल."

"माझा?" सुलभाताईंचा आवाज चिरकला. "अहो, बोटीवरची नोकरी सुटल्यावर फ्लॅटच्या खिडकीशी गप्प बसून असायचात तुम्ही. तुम्हाला पाणी दिसावं, यंत्राशी खुडबुड करता यावी, म्हणून मी हा पसारा मांडला. मला कधीचं झेपत नाहीये."

कुणीच गुन्हेगार नसलेला गुन्हा प्रबोधने प्रथमच पाहिला होता, आणि त्याला दोघांच्याही पाया पडावंसं वाटलं.

"डॉक्टरकडे जायचं. आज, आत्ता," शामकांतराव म्हणाले. सुलभाताईंनी निमूटपणे चपला घातल्या.

धक्क्यावर बोट लागली, तर पाठीवर पिशव्या घेतलेली दोन पोरं उतरली आणि खोली मिळेल का म्हणून विचारू लागली. सवयीने शामकांतराव बायकोकडे बघू लागले.

सुलभाताईंनी त्यांचा हात घट्ट धरला आणि खोल्या रिकाम्या असताना आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्याला नाही म्हटलं.

"आज नाही, बाळांनो. आज आम्ही दोघंच आहोत."