सात नंबरचा ताप

पेन खाली ठेवा पोरांनो. खाटेपाशी न जाता खुर्चीत बसून सगळ्यांचा ताप लिहिताय, म्हणून सांगतो. ऐकीव गोष्ट नाही ही. ज्याच्यावर गुदरली तो ब्रदर माझ्यासोबत मनोरुग्णांच्या ह्याच कुलूपबंद वॉर्डात होता. गोळ्या त्याच्याकडे, किल्ल्या माझ्याकडे.

माणूस कामाला चोख. रात्री नऊला गोळ्यांची ट्रॉली निघायची. एकेका खाटेपाशी गोळी, पाणी, आणि मग, "आ करा. जीभ वर. गाल दाखवा." गोळी गालात लपवून संडासात थुंकणारे बहाद्दर कमी नव्हते, पण ब्रदरच्या डोळ्यांत धूळ फेकणं कुणाला जमलं नाही. ताप मोजायचा मात्र त्याला भारी कंटाळा. खिशात जुना पाऱ्याचा थर्मामीटर, आणि चार्टवर सरसकट सगळ्यांना अठ्ठ्याण्णव!

सात नंबरला मास्तर होते. शाळेत गणित शिकवायचे. मग कानात माणसं बोलायला लागली, एके दिवशी शेजाऱ्यावर धावून गेले, आणि कोर्टाने इथे पाठवलं. औषधाने ती माणसं गप्प झाली. "पण ब्रदर," मास्तर म्हणायचे, "लेक भेटायला येते, तर आनंदसुद्धा होत नाही हो. आत सगळा कापूस भरल्यासारखा." तरी गोळी मुकाट्याने घ्यायचे. त्या गुरुवारी घरी जायचे होते. लेकीने खोली रंगवून ठेवली होती.

मंगळवारी, नऊ वाजून दहा मिनिटांनी, मास्तर म्हणाले, "ब्रदर, अंग लाकूड झालंय. आजची राहू दे ना."

उशी घामाने भिजली होती. हात कोपरात वाकत नव्हता. ह्या गोळ्यांनी अंग थोडंफार आखडतं, हे ब्रदरला माहीत होतं. आखडण्यासोबत ताप असेल तर गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना उठवायचं, हेही माहीत होतं. त्याने चार्ट बघितला. संध्याकाळीच भरलेलं होतं, अठ्ठ्याण्णव. त्याच्याच अक्षरात. म्हणजे ताप नाही.

"गुरुवारी घरी जायचंय ना? मग नखरे नकोत. आ करा."

मास्तरांनी आ केलं. पहाटे चारला ते गेले.

लेक आली. तिने एकच विचारलं, "बाबांना ताप होता का हो?"

"नव्हता," ब्रदर म्हणाला. "मी स्वतः मोजला."

बाहेर येऊन मला म्हणतो कसा, "मामा, वाईट वाटायला हवं ना? काहीच वाटत नाही हो. जेवण जातंय, झोप लागतेय." मला त्याचीच जास्त भीती वाटली.

बरोबर तीन आठवड्यांनी, पुन्हा मंगळवार. मी दार उघडून दिलं आणि तिथेच उभा राहिलो. सात नंबर रिकामा, गादी गुंडाळलेली. ब्रदर एक ते सहा करत गेला. सातपाशी ट्रॉली अडली. त्याने वाकून चाक बघितलं. चाक मोकळं होतं.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"ब्रदर…"

मला ऐकू आलं नाही. त्याला आलं. नंतर त्यानेच सांगितलं.

त्याने मान वर केली. गादी पसरलेली होती. उशी ओली…

"…आ करा."

त्याने आ केलं.

मी दारातून बघतोय. हा खाटेवर बसला. जीभ वर. हात ताठ. मी हाक मारली. वाऱ्याची झुळूक नाही. कुणी खोकत नाही. तेवढ्यात सहा नंबरचा पेशंट, भिंतीकडे तोंड करून, हळूच म्हणाला…

"हलू नका. मास्तर मोजतायत."

मी धावलो. ब्रदरच्या अंगाला हात लावला. लाकूड. आणि गार, नुसतं बर्फासारखं. त्याच्या काखेत त्याचाच थर्मामीटर होता. मी ओढून काढला.

एकशे चार.

ब्रदर वाचला. दुसऱ्या दिवशी तो मास्तरांच्या लेकीच्या घरी गेला. रंगवलेल्या खोलीच्या दारात उभं राहून सांगितलं, "ताप असणार. मी मोजलाच नव्हता." तो रडला नाही. रडूच येत नाही म्हणाला, अजून. मग नोकरी सोडली, आणि जाताना हा त्याचा थर्मामीटर माझ्या हातात ठेवून गेला.

पाऱ्याचा थर्मामीटर झटकला की पारा उतरतो, शाळेतलं पोरही सांगेल. त्याला सहा वर्षं झाली. मी रोज झटकतो.

घे, तू झटक. भितोस काय? जोरात. अजून एकदा…

आता उजेडात धर आणि वाच. किती?