पेचाची कडी

हळू बोलतो. मुलगी पलीकडच्या खोलीत अभ्यासाला बसली आहे.

मुलगा गेल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीत तीच म्हणाली, "बाबा, एकदा जाऊ या ना रानात. झाडांना झोळ्या बांधू, वर ताडपत्री. दादा असताना जायचो तसं." ताडपत्रीची जुनी दोरी कुजली होती, म्हणून आम्ही दोघं बाजारात गेलो.

दुकानात तागाचा आणि वंगणाचा वास कोंडला होता. दुकानदारानं दोन रिळं पुढ्यात टाकली.

"नायलॉन स्वस्त पडेल, साहेब. पण भिजलं की लांबतं, आणि पहाटे ताडपत्री तुमच्या नाकावर. ही पॉलिएस्टरची घ्या. ताठच्या ताठ राहते."

मुलीनं दोरी ताणून बोटानं छेडली. टण्ण. दादाही अशीच पारखायचा.

दोरी झाडाला अडकवायच्या कड्यांतली मी साधी, दाबून उघडणारी उचलली. "पेचाची न्या," तो म्हणाला. "पेच फिरवला की आतलं सुटायचं नाव नाही. माणूस लटकला तरी!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. मुलीनं माझी बाही धरली. मी पेचाच्या घेतल्या.

ताडपत्रीच्या दोरीवर बहीणभावांचा एक खेळ होता. ती दोघांच्याही झोळ्यांवरून जायची. पहाटे दादा ती दोनदा छेडायचा, म्हणजे 'येतेस का?' नदीवर जायचं असेल तर हिनं एकदा छेडायची, 'येते.' नसेल तर गप्प पडून राहायचं. एकदा 'येते' म्हटलं की माघार नाही, हा त्याचा कायदा. कितीही थंडी असो, ओढत न्यायचा.

रानात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. तीन झाडांमध्ये दोन झोळ्या, पायाकडे पाय. वर एकच लांब दोरी, दोन्ही टोकांना कड्या. दादाच्या जागी मी झोपलो. भुरभुर पाऊस सुरू झाला आणि बघता बघता अंधारून आलं. ओल्या पानांच्या वासात हळूहळू दुसरा एक वास मिसळला. दवाखान्यातला. त्याच्या शेवटच्या दिवसांत आमच्या कपड्यांना बसला होता तो.

टण्ण. टण्ण.

"बाबा, चेष्टा नको हं."

माझे दोन्ही हात पांघरुणात होते.

"मी नाही..."

टण्ण. टण्ण.

मग ती कुजबुजली, "बाबा... उत्तर देऊ नकोस. तो मला विचारतोय..."

मला सगळं कळत होतं. पण ज्याची चाहूल लागावी म्हणून मी इतके महिने दारं उघडी ठेवून झोपलो, तो हातभर अंतरावर होता. गप्प राहिलो तर निघून गेला असता. मी हात वर केला आणि दोरी छेडली. एकदाच.

दोरी ताणली जाऊ लागली. झाडाची साल करकरली, डोक्यावरची ताडपत्री ढोलासारखी ताठ झाली. मुलीच्या टोकाची कडी खडखडली आणि ती किंचाळली. चाचपडत गेलो तर तिचा डावा हात सरळ वर, मनगट दोरीच्या फासात, फास कडीत. पेच फिरेना. शेवटी चाकूनं दोरी कापली.

त्या टोकाला मी साधी गाठ मारली होती. फास मी केला नव्हता.

परतताना ती म्हणाली, "मी बोटसुद्धा लावलं नव्हतं, बाबा. मग 'येते' कोण म्हणालं?"

"वारा असेल."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. पुन्हा कधी विचारलं नाही.

दोरी, कड्या, सगळं तिथेच टाकून आलो. घरात आता कपडे वाळत घालायलाही दोरी ठेवलेली नाही. मनगटावरचा वळ मात्र जात नाही. संध्याकाळी तो गडद होतो. मान खाली घालून ती लिहीत असते, आणि डावा हात टेबलावरून आपोआप उचलला जातो. रोज आणखी थोडा वर. पूर्वी ती तो उजव्या हातानं खाली दाबायची. हल्ली दाबत नाही.

आज अभ्यासाला बसताना तिनं पायात बूट घातले आहेत.